कठड्याचा खटका

अकरा वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून काढल्यावर दीपमालाच्या कमरेनं एका सकाळी साफ नकार दिला. एका जाडजूड आजोबांना उशीकडे सरकवताना मणक्यात काहीतरी कडकन लचकलं आणि ती चादरीचं टोक हातात धरून तिथंच खाली बसली. मग दीड महिना घरी. कमरेला पट्टा, व्यायाम, शेक. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं, की चालाल, फिराल, स्वयंपाक कराल, पण यापुढं पेशंट उचलायचे नाहीत. कधीच.

चिंचवडच्या ज्या खासगी हॉस्पिटलात ती होती, तिथल्या मेट्रनबाई भल्या होत्या. त्यांनी तिला वॉर्डातल्याच काउंटरवर बसवलं आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यात बिलिंगला एक जागा होतेय, ती तुझीच समज. दीपमाला हो म्हणाली. पण काउंटरवर बसल्या बसल्या समोर एखादी नवी मुलगी चुकीच्या बाजूनं पेशंट वळवायला लागली, की हिचे हात टेबलाखाली आपोआप हलायचे.

तिच्या बॅचची दिव्या हिंजवडीला एका कंपनीत परदेशातल्या पेशंटांचे कागद कॉम्प्युटरवर तपासायची. एसी ऑफिस, आठवड्याला दोन सुट्ट्या, घरापासून कॅब. तिनं दीपमालाला एक दिवस नेऊन सगळं दाखवलंही. दिव्या तिथं मजेत होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण दिवसभरात एकाही आजारी माणसाचं तोंड दिसणार नाही, या विचारानं दीपमालाचा जीव कासावीस झाला. परत येताना त्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसून तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता बिलिंग तर बिलिंग.

अशात वॉर्डात एक नवा पलंग आला. चाकणची एक कंपनी हॉस्पिटलचे पलंग बनवायची. आपला विजेवर वरखाली होणारा नवा पलंग तिनं पंधरा दिवस वापरून बघायला दिला होता. मुदत संपल्यावर तिथला गुरुदत्त नावाचा इंजिनिअर मत विचारायला आला. हातात छापील फॉर्म होता. मेट्रनबाईंनी उभ्या उभ्या सगळ्या ओळींपुढं 'उत्तम'वर खुणा केल्या आणि त्या राउंडला निघून गेल्या. कागद पिशवीत घालता घालता गुरुदत्तनं काउंटरवरच्या बाईंनाही सहज विचारलं, तुम्हाला कसा वाटला पलंग.

"ज्यानं बनवला त्यानं कधी पेशंट वळवलेला नसावा," दीपमाला म्हणाली.

ज्यानं बनवला तो हाच होता. कोल्हापूरकडचा, तिशीही न गाठलेला. त्याचे कान लाल झाले, पण तो गेला नाही. म्हणाला, दाखवा.

दीपमाला त्याला पलंगापाशी घेऊन गेली. बाजूचा कठडा खाली सोडायचा खटका पायथ्याशी, पार खाली होता. पेशंट कुशीवर वळवला की नर्सचा एक हात त्याच्या खांद्यावर असतो, दुसरा कमरेवर. मग खटका दाबायला तिसरा हात कुठून आणायचा, असं तिनं विचारलं. लघवीची पिशवी अडकवायचा हूक अशा जागी होता, की पलंग खाली घेतला की पिशवी फरशीवर लोळायची. आणि पेशंटची छाती दाबायची वेळ आली तर पाठीचा भाग क्षणात सपाट करणारी दांडी फक्त उजव्या बाजूला होती. या वॉर्डात निम्म्या पलंगांची उजवी बाजू भिंतीला टेकलेली. गुरुदत्त फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिला. ती भरली, तेव्हा त्यानं खिशातून चहाचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं. जाताना म्हणाला, बुधवारी चाकणला याल का, हे माझ्या कागदावरून नको, आमच्या लोकांना तुमच्या तोंडून ऐकू दे.

बुधवारी दीपमाला आपल्या मोशीच्या घरातून निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं की तासाभरात बोलून परत येऊ. कंपनी लहानच होती. दोन शेड, एकात वेल्डिंगच्या ठिणग्या, दुसऱ्यात रंगाची भट्टी, आणि मधल्या मोकळ्या जागेत ओळीनं उभे केलेले पांढरे पलंग, ज्यांच्यावर अजून कुणीही झोपलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत सातआठ इंजिनिअर बसले होते. कंपनीच्या मालकीणबाई मृदुला मॅडम, स्वतः इंजिनिअर, पन्नाशीच्या, टेबलाच्या टोकाला होत्या. शेजारी प्रॉडक्शन सांभाळणारे स्वानंद सर. पडद्यावर पलंगाचं इंग्रजीतलं ड्रॉइंग लागलं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

वॉर्डात डोळे मिटून सांगता येणारी गोष्ट त्या रेघांमध्ये दीपमालाला कुठं बोट ठेवून दाखवावी तेच कळेना. दोन वाक्यं तिनं कशीबशी म्हटली आणि थांबली. मग ती म्हणाली, की हे इथं नाही सांगता येणार, खाली चला, आणि मला एक वजनदार माणूस द्या.

वजनदार माणूस म्हणून वेल्डिंगमधला भीमराज आला. म्हाळुंग्याचा, शहाण्णव किलोंचा गडी. दीपमालानं त्याला पलंगावर झोपवलं आणि सांगितलं, की तुम्हाला अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू मेलेली आहे, कुणालाही मदत करायची नाही.

"निस्तं पडून ऱ्हायचं?" भीमराजनं खात्री करून घेतली. "पगारी?"

ती हो म्हणाली, तसं त्यानं डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. दीपमालानं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती हुकाला अडकवली, हाताला सलाइनची नळी म्हणून दोरी बांधली आणि गुरुदत्तला सांगितलं, आता याच्या अंगाखालची चादर बदला. एकट्यानं.

गुरुदत्तनं बाह्या सरसावल्या. त्यानं भीमराजला कसंबसं कुशीवर घेतलं आणि खटका दाबायला खाली वाकला, तसा भीमराज पोत्यासारखा परत उताणा झाला. दुसऱ्या खेपेला गुरुदत्तनं त्याला गुडघ्यानं अडवून ठेवायचा प्रयत्न केला आणि स्वतःच दोरीत अडकला. तिसऱ्या खेपेला दुसऱ्याच एका इंजिनिअरनं शहाणपणा करून आधी पलंग खाली घेतला, तर पिशवी फरशीला घासून फुटली आणि पाणी सगळ्यांच्या बुटांत शिरलं. एव्हाना शेडमधली कामं थांबली होती. लोक हसून हसून बेजार झाले. भीमराज तेवढा डोळे मिटून इमानदारीनं अर्धांगवायू सांभाळत होता.

हसू ओसरायच्या आत दीपमाला म्हणाली, "आता यांचं हृदय थांबलंय. पाठ सपाट करा. मी घड्याळ लावते."

पलंगाचा वरचा भाग उभा होता आणि गुरुदत्त डाव्या बाजूला. तो धावत पायथ्याला वळसा घालून उजवीकडे गेला, दांडी शोधली, ओढली. पाठ सपाट झाली तेव्हा तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. एकोणीस सेकंद. छाती दाबणाऱ्या हातांना एकोणीस सेकंद किती लांब वाटतात, ते तिला ठाऊक होतं. समोरच्या चेहऱ्यांकडे बघून तिला कळलं की त्यांनाही आता ते कळलंय.

गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती चार तास उभी होती आणि कमरेची तिला आठवणही झाली नव्हती.

मृदुला मॅडमनी तिला खाली शेडमध्येच विचारलं. इथं काम कराल का. तीन महिने बघू, जमलं तर कायम. पलंग बनवायच्या आधी, बनवताना आणि बनवल्यावर तो नर्सच्या डोळ्यांनी बघायचा, एवढंच काम. पदाला काय नाव द्यायचं ते मात्र त्यांनाही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे नवरा सुजितची साप्ताहिक सुट्टी. तो चाकणलाच पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लाइन सांभाळायचा. पोह्यांवर बसून त्यानं सगळं ऐकलं आणि खूश झाला, पण कारखाना त्याला आतून माहीत होता. म्हणाला, पहिल्या दिवशी सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. बदल करायची वेळ आली की नवा साचा, नवी तारीख, नवी कटकट, आणि मग सुचवणारा माणूसच सगळ्यांना डोईजड वाटायला लागतो. तेवढी तयारी ठेव आणि जा.

सासूबाईंची अडचण वेगळी होती. रुक्मिणीबाई धाराशिवकडच्या. सून सिस्टर आहे याचा त्यांना केवढा अभिमान. गल्लीतलं कुणीही बीपी बघायला, इंजेक्शन घ्यायला दारात आलं, की त्या स्वतः पुढं होऊन खुर्ची द्यायच्या.

"तिथं आजारी मानसं असत्यात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. पलंग असतात."

"मग तुला तिथं सिस्टर कोन म्हनल?"

दीपमालाला कालचं ते पाणी, ती पळापळ आणि तो एकोणीसचा आकडा आठवला. ती म्हणाली, की वॉर्डात मी एका वेळी आठ पेशंट बघायचे, हा पलंग नीट झाला तर कुठल्या कुठल्या गावच्या वॉर्डांत जाईल, तिथल्या पेशंटांची मला नावंही कळणार नाहीत. रुक्मिणीबाईंनी बशी उचलली आणि बघ बाई, एवढंच म्हणाल्या. एक तारखेला दीपमाला बिलिंगला गेली नाही. चाकणच्या बसला चढली.

सुजित म्हणाला तसंच झालं. पिशवीचा हूक आठवड्यात बदलला. सपाट करायची दांडी दोन्ही बाजूंना लावायला महिना गेला. पण कठड्याचा खटका हलवायचा म्हणजे अख्ख्या कठड्याचा साचा बदलायला लागणार होता आणि स्वानंद सरांचा त्याला ठाम विरोध होता. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या डोक्यावर माल पाठवायच्या तारखा होत्या. बैठकीत ते प्रत्येक वेळी शांतपणे तेच म्हणायचे, की दीपमाला मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, पुढच्या मॉडेलला बघू.

दीपमाला पुढच्या मॉडेलसाठी थांबली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती भीमराजकडे जाऊन बसायला लागली. चाकणच्या बाजारातून तिनं सायकलच्या ब्रेकची मूठ आणि तार आणली. भीमराजनं भंगारातला पाइप कापला, आणि दोघांनी मिळून एका जुन्या कठड्याच्या वरच्या दांडीवर खटका बसवला. नर्सच्या कोपराशी येईल असा. पेशंटला धरलेले हात न सोडता कोपरानं तो दाबायचा. गुरुदत्तनं ते गबाळं यंत्र बघितलं आणि रात्रंदिवस खपून त्याचं नीटस रूप तयार केलं. मृदुला मॅडमनी स्वतः तीस वेळा कठडा सोडून बघितला. तीसही वेळा तो अलगद खाली आला. स्वानंद सरांनीसुद्धा मान डोलावली. त्या दिवशी घरी जाताना दीपमालाला बसमध्ये बसवेना, एवढा आनंद तिच्या अंगात मावेनासा झाला होता. ती मोशीपर्यंत उभीच राहिली.

साचा करायला टाकण्याआधी तिनं एकच अट घातली. वयस्कर माणसांना या पलंगावर झोपवून, उठवून बघायचं. गुरुदत्तनं विचारलं, अशी माणसं आणायची कुठून. दीपमालानं कंपनीची गाडी मागून घेतली आणि मोशीतल्या आपल्याच गल्लीतून चारजणी गोळा केल्या. पुढच्या सीटवर रुक्मिणीबाई, नवं लुगडं नेसून, आणि मागं शेजारची सोजराबाई व आणखी दोघी. सोजराबाई तशी वयानं लहान, भोसरीला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कामावर होती. कारखाना बघायला मिळेल म्हणून सुट्टी टाकून आली होती.

रुक्मिणीबाई पहिल्या झोपल्या. पलंग वरखाली झाला तसं त्या लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. मग दीपमालानं सांगितलं, आता तुमच्या तुम्ही उठून बसा. त्या कुशीवर वळल्या, आणि आपण सगळे धरतो तशी त्यांनी कठड्याची वरची दांडी धरून तिच्यावर भार टाकला. हात नेमका खटक्यावर पडला. कठडा अलगद, तीस वेळा आला होता तसाच, खाली गेला आणि त्याच्यामागून रुक्मिणीबाई.

दीपमाला आणि गुरुदत्त पलंगाला लागूनच उभे होते म्हणून निभावलं. दोघांनी त्यांना वरच्या वर झेललं. लागलं काहीच नाही. पण हा खटका दीपमालाचा होता. तिनं सुचवलेला, तिनं भांडून मान्य करून घेतलेला.

स्वानंद सर हळूच म्हणाले, की म्हणजे जुनाच बरा होता.

तो क्षण दीपमालाला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला, कारण त्या क्षणी ती रडेल असं तिला स्वतःला वाटलं होतं. त्याऐवजी तिचं डोकं झपाट्यानं चालायला लागलं. ही चूक इथं घडली होती, दोन माणसं झेलायला उभी असताना. अजून साचा पडलेला नव्हता. तिनं सासूबाईंना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, की आई, परत एकदा उठाल का, मी धरून आहे, फक्त हात कुठं पडतो ते बघायचंय.

"दहा बार उठते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनाही आता चेव चढला होता.

त्या उठल्या. मग बाकीच्या दोघी उठल्या. प्रत्येकीचा हात वरच्याच दांडीवर आणि प्रत्येकीचा जोर खालीच. म्हणजे पेशंटचा हात पोचेल तिथं खटका नकोच. पण मग नर्सचाही हात पोचणार नाही. गुरुदत्त फळ्यावर काढत होता आणि पुसत होता. पंधरा मिनिटं कुणाला काही सुचलं नाही.

तेव्हा मागं उभी असलेली सोजराबाई दबकत म्हणाली, "आमच्या शिलाई मशीनला गुडघ्याचा दांडा असतो, ताई. गुडघा बाजूला दाबला की कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलतो. हात कापडावरच राहतात."

गुरुदत्तच्या हातातला खडू थांबला. दीपमालानं सोजराबाईचा दंडच धरला आणि तिला पलंगापाशी आणलं. कुठं असतो, किती उंचीवर, किती जोर लागतो, सगळं तिच्याकडून करून घेतलं. सोजराबाईनं एका स्टुलावर बसून हवेतच मशीन चालवून दाखवलं. भीमराजला हाक गेली. तो येताना एक पट्टी आणि क्लॅम्प घेऊनच आला. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, खालून, नर्सच्या गुडघ्याशी येईल अशी पट्टी त्यानं बांधली. दीपमालानं रुक्मिणीबाईंना कुशीवर घेतलं, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि गुडघा पट्टीला लावून ढकलला. कठडा सुटला. हात हललेसुद्धा नव्हते.

यावेळी पहिले पुढं आले ते स्वानंद सर. त्यांनी वाकून पट्टी बघितली, स्वतःच्या गुडघ्यानं दोनदा ढकलली आणि म्हणाले, भेटायला आलेल्या नातेवाइकाचा गुडघा लागला तर काय, हिला आत खोबणीत घ्या. मग खिशातून टेप काढून ते स्वतःच माप घ्यायला बसले. त्यांना तसं बसलेलं बघून गुरुदत्त आणि दीपमालानं एकमेकांकडे बघितलं. आता साचा होणार हे दोघांनाही कळलं.

दुपारी चौघीजणी दीपमालाबरोबर कँटीनमध्ये जेवल्या. भीमराज ताट घेऊन त्यांच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सिस्टर, म्हातारीला जोरात तर न्हाई ना लागलं?" रुक्मिणीबाईंनी आमटीचा घोट घेत त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. परतीच्या गाडीत सोजराबाईला त्या समजावून सांगत होत्या, की कारखान्यातसुद्धा सिस्टर लागतीच, तुला काय वाटलं.

पहिले चाळीस पलंग दिवाळीआधी बाहेर पडले. दीपमाला कायम झाली. पदाचं नाव अजूनही कुणाला धड सांगता येत नाही, पण गेटवरचे रखवालदार तिला सिस्टर मॅडम म्हणतात आणि तेवढं तिला पुरतं. पलंग जिथं जिथं गेले तिथं तिथं ती जाऊन आली. एका सरकारी दवाखान्यातल्या वयस्कर नर्सनं गुडघ्यानं कठडा सोडला, बंद केला, परत सोडला आणि विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून आलं. दीपमालानं सोजराबाईचं नाव सांगितलं. खुद्द सोजराबाईला मृदुला मॅडमनी बोलावून गाद्यांच्या कव्हरांचं काम विचारलं आहे. ती विचार करतेय.

दीपमालानं दिव्याला फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा दिव्या आधी हसली, मग म्हणाली, की आमच्याकडं पेशंटच्या कागदांत पलंगावरून पडल्याच्या नोंदी किती असतात, मी मोजून ठेवू का. दीपमाला म्हणाली, ठेव, आणि कुठल्या वेळेला पडले तेही बघ.

आता कंपनीनं ॲम्ब्युलन्समधला स्ट्रेचर करायला घेतलाय. गेल्या सोमवारी शिक्रापूर रस्त्यावर एक रिकामी ॲम्ब्युलन्स भरदुपारी ट्रकांच्या मधून चालली होती. आत स्ट्रेचरवर गुरुदत्त पट्ट्यांनी बांधलेला, आणि त्याच्या डोक्याशी नर्सच्या आडव्या सीटवर, कमरेला पट्टा लावून, मांडीवर वही घेऊन दीपमाला. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तिचं पेन उडालं आणि धरायला जागा नसल्यानं तिनं गुरुदत्तचा खांदा धरला. तिनं लिहिलं: धरायला काही नाही. पुढच्या वळणावर लिहिलं: सलाइनची बाटली डोळ्यावर येते. गुरुदत्त उताण्या उताण्या काहीतरी सांगत होता, ते हॉर्नमध्ये ऐकू येत नव्हतं. दीपमाला पुढं वाकली, काच सरकवली आणि ड्रायव्हरला म्हणाली, की दादा, पुढं वळवून हाच रस्ता परत घ्या, आणि या खेपेला खऱ्या पेशंटला नेताना जसे जाता तसे जा.